मुलाचे रक्त कमी आहे, पण का? सीबीसी आणि एचपीएलसी रिपोर्टविषयी पालकांसाठी

कामरेजच्या दवाखान्यात मुलाचा रिपोर्ट पाहून नर्सबहेन सांगतात, "लोही ओछुं छे, नव टका ज छे." संध्याकाळपर्यंत ही बातमी फोनवरून चाळीसगावला किंवा शहाद्याला पोहोचते, "पोराच्या अंगात रक्त कमी सांगितलंय." तिकडून सल्ला येतो, बीट द्या, डाळिंब द्या, गूळ-शेंगदाणे द्या. इकडे डॉक्टरांनी लोहाचे सिरप लिहून दिलेले असते.

बहुतेक घरांत एवढ्याने काम होते. दोन-तीन महिने सिरप नीट घेतले, खाण्यात थोडा बदल केला की आकडा वर येतो आणि विषय संपतो. पण काही घरांत सिरपची तिसरी बाटली संपली तरी नऊचे साडेनऊसुद्धा होत नाहीत. मग डॉक्टर बदलला जातो, सिरपची कंपनी बदलते, आई "हा काही खातच नाही" म्हणून स्वतःला दोष देत बसते. अशा मुलाचे रक्त लोहाच्या कमतरतेमुळे कमी नसेलही. त्याच्या रक्ताची घडणच आईवडिलांकडून वेगळी आलेली असू शकते, आणि ते ओळखायला वेगळी तपासणी लागते. सुरत जिल्ह्यात राहणाऱ्या आणि मूळ खानदेशातल्या आपल्या कुटुंबांना ती तपासणी माहीत असणे फार गरजेचे आहे.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. म्हणून औषधाची मात्रा येथे सांगणार नाही. ती मुलाचे वजन पाहून डॉक्टरच ठरवतात. रिपोर्टच्या कागदावर काय लिहिलेले असते आणि त्यावरून डॉक्टरांना कोणता प्रश्न विचारायचा, एवढेच सांगतो.

नऊ टका म्हणजे काय

टका या शब्दाने अनेकांचा घोटाळा होतो. नऊ टका म्हणजे शंभरातले नऊ भाग रक्त उरले असे नाही. १०० मिलिलिटर रक्तात ९ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे, असा त्याचा अर्थ. रक्त तेवढेच असते, त्यातला प्राणवायू वाहून नेणारा लाल पदार्थ कमी असतो.

किती असावे, हे वयावर ठरते. नवजात बाळाचे हिमोग्लोबिन १४ ते २० च्या दरम्यान असते. दोन-तीन महिन्यांच्या वयात ते आपोआप उतरून दहाच्या आसपास येते. पूर्ण दिवसांच्या, अंगावर दूध पिणाऱ्या बाळात हा आजार नसतो, पुढे ते पुन्हा वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मापाप्रमाणे ६ ते २३ महिन्यांच्या मुलात १०.५ च्या खाली, २ ते ५ वर्षांत ११ च्या खाली, ५ ते ११ वर्षांत ११.५ च्या खाली आणि १२ ते १४ वर्षांत १२ च्या खाली गेले तर ॲनिमिया म्हणतात. पुष्कळ लॅबच्या कागदावर शेजारी मोठ्या माणसांची मर्यादा, म्हणजे १३ ते १७, छापलेली असते. दोन वर्षांच्या मुलाच्या ११.४ पुढे खाली बोट दाखवणारा बाण पाहून घाबरलेले वडील आमच्या खिडकीशी नेहमी येतात. त्या मुलाला काहीही झालेले नसते.

अर्थात ॲनिमिया आपल्याकडे कमी आहे असे मुळीच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांत तो गुजरातेत ७९.७ टक्के आणि महाराष्ट्रात ६८.९ टक्के सापडला. ती पाहणी बोटातून थेंब घेऊन केलेली होती आणि त्या पद्धतीबद्दल तज्ज्ञांत वाद आहे. तरी दोन्ही राज्यांत निम्म्याहून खूप जास्त मुले, हे चित्र फारसे बदलत नाही.

यातला मोठा वाटा लोहाच्या कमतरतेचा आहे. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला दिवसभर दुधाच्या बाटलीवर ठेवले की पोट भरते, पण दुधात लोह जवळजवळ नसते. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त म्हशीचे किंवा गाईचे दूध पिणारे गुटगुटीत बाळही आतून फिके असू शकते. दुसरा चोर म्हणजे चहा. सकाळी चहा-खारी आणि शाळेतून आल्यावर पुन्हा अर्धा कप, ही सवय इथे आल्यावर आपण पक्की उचलली आहे. चहा अन्नातले लोह आतड्यात शोषू देत नाही. जेवणाच्या तास-दोन तास अलीकडे-पलीकडे तो नको, आणि लहान मुलाला तर मुळीच नको. कळण्याची भाकरी, बाजरी, मेथी, मटकी यांवर लिंबू पिळले तर त्यातले लोह जास्त मिळते. बिटाचा लाल रंग मात्र रक्तात जात नाही. बीट चांगले आहे, पण त्यात लोह फारसे नसते. घरी मांसाहार चालत असेल तर त्यातले लोह सर्वांत सहज लागू होते.

अंगणवाडीत आणि शाळेत 'ॲनिमिया मुक्त भारत' योजनेत मिळणारे सिरप, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांची गुलाबी गोळी आणि दहाच्या पुढच्यांची निळी गोळी ही लोहाचीच असतात. "सरकारी गोळीने पोट दुखते" म्हणून ती दप्तरातच राहते, हे बरोबर नाही. जंताची गोळीही त्या-त्या वेळी द्या, कारण जंत आतड्यातून रक्त खातात.

सीबीसीचा कागद

हिमोग्लोबिनच्या खाली दोन आकडे पालक कधीच वाचत नाहीत. एक आरबीसी काउंट, म्हणजे तांबड्या पेशी किती आहेत. दुसरा एमसीव्ही, म्हणजे पेशीचा सरासरी आकार. लोह कमी पडले की शरीर पेशीही कमी बनवते आणि ज्या बनवते त्या लहान. थॅलेसेमियाच्या वाहकात चित्र वेगळे असते. पेशी खूप लहान, पण संख्येने भरपूर. एमसीव्ही ६२ आणि आरबीसी काउंट ५.८ असा रिपोर्ट आला की जाणत्या डॉक्टरांची भुवई उंचावते.

यावर एक सोपा हिशेब आहे. एमसीव्हीला आरबीसी काउंटने भागायचे. उत्तर १३ च्या वर आले तर लोहाची कमतरता असण्याची शक्यता जास्त, १३ च्या खाली आले तर थॅलेसेमियाचे वाहक असण्याची. वरच्या उदाहरणात ६२ भागिले ५.८ म्हणजे १०.७. मेंट्झर या डॉक्टरांनी १९७३ मध्ये ही रीत सुचवली आणि ती आजही वापरात आहे. पण हा फक्त इशारा आहे. मुलात लोहही कमी आणि थॅलेसेमियाचे वाहकपणही, असे दोन्ही एकत्र असते तेव्हा हा भागाकार फसतो. घरी कॅल्क्युलेटरवर निदान करून सिरप बंद करू नका. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, "फेरिटिन आणि एचपीएलसी करायची का?"

फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. तो कमी असेल तर लोह द्यायचेच. मात्र मुलाला ताप किंवा सर्दी-खोकल्याचा जोर असताना फेरिटिन खोटेच वाढलेले दिसते. आजारपणात केलेला 'नॉर्मल' फेरिटिन फार विश्वासाचा नसतो.

एचपीएलसी काय दाखवते

हिमोग्लोबिन एकाच प्रकारचे नसते. मोठ्या माणसात बहुतेक ए, थोडेसे ए-२ आणि अगदी नाममात्र एफ असते. एफ हे पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन. जन्माच्या वेळी निम्म्याहून जास्त तेच असते आणि पहिल्या वर्षभरात ओसरते. एचपीएलसीच्या यंत्रात हे प्रकार एकमेकांपासून वेगळे होतात आणि प्रत्येकाची टक्केवारी आलेखासह कागदावर येते. उपाशीपोटी यावे लागत नाही. सीबीसीसाठी जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतलेले दोनेक मिलिलिटर रक्त याला पुरते, म्हणजे मुलाला दुसऱ्यांदा टोचायचीही गरज नसते. फेरिटिनला मात्र वेगळी नळी लागते.

ए-२ साधारण ४ टक्क्यांच्या वर गेले असेल तर ती व्यक्ती बीटा थॅलेसेमियाची वाहक समजली जाते. कागदावर 'ट्रेट' किंवा 'मायनर' असे लिहितात. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. साडेतीन ते चारच्या मधला आकडा काठावरचा मानतात. लोह फार कमी असेल तर ए-२ खाली ओढले जाते, म्हणून डॉक्टर आधी लोह देऊन मग पुन्हा तपासायला सांगू शकतात. कागदावर एस दिसले तर तो सिकलसेल. ए जास्त आणि एस २० ते ४० टक्के असेल तर वाहक. ए जवळजवळ नाही आणि एस सर्वांत जास्त, तर आजार.

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, ही गोष्ट घरातल्या मोठ्यांना समजावून सांगावी लागते. वाहक मूल खेळते, शिकते, पोहते, मोठेपणी रोजचे काम करते. त्याला औषध लागत नाही. थॅलेसेमियाच्या वाहकाचे हिमोग्लोबिन जन्मभर एखादा ग्रॅम कमी राहील, तेच त्याचे नॉर्मल. त्याला वर्षानुवर्षे लोह पाजणे चुकीचे आहे, पण "वाहक आहे म्हणून लोह कधीच द्यायचे नाही" हेही चुकीचे. फेरिटिन कमी असेल तर वाहकालाही लोह लागते. सिकलसेलच्या वाहकाची सीबीसी तर बहुधा अगदी स्वच्छ असते. हिमोग्लोबिन तेरा, एमसीव्ही नॉर्मल आणि तरीही वाहक. म्हणून "आमच्या मुलाचे रक्त चांगले आहे, आम्हाला कशाला तपासणी" हा युक्तिवाद येथे चालत नाही.

मुलाला बाहेरचे रक्त चढवले असेल तर एचपीएलसीसाठी साधारण तीन महिने थांबतात, नाहीतर रक्तदात्याचेच हिमोग्लोबिन मोजले जाते.

आपला पट्टा

सिकलसेल भारतात पहिल्यांदा नोंदला गेला तो १९५२ मध्ये, निलगिरीतल्या आदिवासींत. पुढे कळले की मध्य आणि पश्चिम भारताच्या डोंगराळ पट्ट्यात तो भरपूर आहे. सुरत जिल्ह्याचा पूर्व भाग, तापी, डांग, वलसाड आणि सीमेपलीकडे नंदुरबार, धुळे हा सगळा त्यातलाच पट्टा. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा समाजांत काही ठिकाणी पाचांत एक किंवा त्याहूनही जास्त माणसे वाहक सापडली आहेत. कारण जुने आहे. या भागांत हिवताप पिढ्यान्‌पिढ्या होता आणि सिकलसेलच्या वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जे रक्त जंगलात उपयोगी पडले, तेच दोन्हीकडून आले की आजार होतो. सिकलसेल फक्त आदिवासींचा, असेही नाही. विदर्भात तो इतर अनेक समाजांत आहे.

थॅलेसेमियाचे वाहक देशभरात शंभरात तीन-चार असावेत असा अंदाज आहे. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांत त्याहून जास्त. ही नावे कोणाकडे बोट दाखवण्यासाठी नाहीत. कोणत्याही समाजात, आपल्यातही, तो असतो.

दक्षिण गुजरातेत या विषयावर देशात आधी म्हणता येईल असे काम झाले आहे. राज्य सरकारने २००६ पासून येथे सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम चालवला. वलसाडहून अनेक दशके हे काम करणारे डॉ. यझदी इटालिया यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले. म्हणजे आपल्या तालुक्याच्या सरकारी आरोग्य केंद्रात, शाळेच्या आरोग्य तपासणीत किंवा गावच्या ममता दिवशी 'सिकलसेलनी तपास' असे कोणी म्हटले तर त्यात नवल नाही आणि लपवण्यासारखेही काही नाही.

मात्र एक फरक लक्षात घ्या. शिबिरात बहुधा सोल्युबिलिटी किंवा डीटीटी नावाची झटपट चाचणी करतात. औषधाच्या नळीत रक्त टाकायचे. मागच्या रेषा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ होऊन दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. स्वस्त आणि उपयोगी चाचणी आहे, पण वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ती सांगत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात एफ जास्त असल्याने ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आणि थॅलेसेमिया तर तिला दिसतच नाही. पॉझिटिव्ह आले की एचपीएलसी हवीच. निगेटिव्ह आले तरी "रक्ताचा सगळा तपास झाला" असे समजू नका.

मूल रुग्ण असेल तर

सिकलसेलचे बाळ जन्मताना ठणठणीत असते. सहा महिन्यांनंतर एफ ओसरू लागले की लक्षणे दिसतात. हातापायाची बोटे आणि तळवे अचानक सुजतात, बाळ पाय टेकवत नाही, रडते. "पडले असेल" म्हणून तेल चोळले जाते. पुढे हाडांत-सांध्यांत कळा, डोळ्यांत पिवळेपणा, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग. सर्वांत धोक्याचे दोन प्रसंग पालकांनी पाठ करावेत. १०१ अंशांच्या वर ताप आला तर घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही, त्याच रात्री रुग्णालयात न्यायचे. आणि मूल अचानक पांढरेफटक पडले, डाव्या बरगड्यांखाली पोट फुगून घट्ट लागले तर प्लीहेत रक्त अडकत असते. तेव्हा एक तासही मोलाचा असतो.

या आजारावर औषध नाही ही जुनी समजूत झाली. लवकर निदान झाले तर पेनिसिलिन, न्यूमोकोकल लस, फॉलिक ॲसिड आणि कळा कमी करणारे हायड्रॉक्सियुरिया यांच्या जोरावर ही मुले शाळा-कॉलेज करतात. न्यूमोकोकलची पीसीव्ही लस सरकारी लसीकरणात मोफत आहे. रोजची काळजी साधी आहे. भरपूर पाणी, थंडी आणि अतिश्रम टाळणे. आपल्या भागात उत्तरायणला मुले पहाटेपासून गच्चीवर असतात, वारा गार, पाणी कोणी पीत नाही, आणि दोन दिवसांनी कळा सुरू होतात. पतंग उडवू द्या, पण अंगात स्वेटर आणि हाताशी पाण्याची बाटली असू द्या.

थॅलेसेमिया मेजर वेगळा. बाळ पहिल्या-दुसऱ्या वर्षी फिके पडते आणि मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, शिवाय साठलेले लोह बाहेर काढणारे औषध रोज. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने तो बरा होऊ शकतो. त्यासाठी कोल इंडियाच्या 'थॅलेसेमिया बाल सेवा योजने'तून निवडक रुग्णालयांत दहा लाखांपर्यंत मदत मिळते. अशा मुलाच्या घरी मंडळाने करायचे काम एकच, आणि ते आपण करू शकतो. नियमित रक्तदान. गणेशोत्सवातले एक शिबिर पुरत नाही. या मुलांना मे महिन्यातही रक्त लागते, आणि तेव्हा निम्मे सभासद गावी असतात.

लग्नाच्या बायोडेटात काय लिहितो

आपल्या वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर रक्तगटाचा रकाना असतो. मुलामुलीचा रक्तगट एकच असला तर लग्न करू नये, मुले अपंग होतात, असे आजही ऐकू येते. याला काहीही आधार नाही. आईचा गट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर आईला अँटी-डीचे इंजेक्शन द्यावे लागते, रक्तगटाची काळजी तेवढीच. ज्या तपासणीने खरोखर मुलांचे भविष्य कळते, तिचा रकानाच नाही.

हिशेब असा आहे. पती-पत्नींपैकी एकच वाहक असेल तर कोणतेही मूल रुग्ण होत नाही, फार तर वाहक होते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजाराची, चारात दोन वाहकाची, चारात एक पूर्ण मोकळी. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो. "पहिले आजारी झाले, आता पुढची तीन चांगली होतील" असा हिशेब नसतो.

आणि येथे सुरतेची गोष्ट येते. गावाकडे सोयरीक पंचक्रोशीत होत असे. इथे आपली मुले सौराष्ट्रातल्या, उत्तर भारतातल्या, ओडिशातल्या, बंगालमधल्या मुलामुलींबरोबर शिकतात, नोकरी करतात आणि लग्नही करतात. छानच आहे. पण एक सिकलसेलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला, तरी मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एकच राहते. सिकल-बीटा थॅलेसेमिया त्याचे नाव, आणि तो सिकलसेलइतकाच कठीण असू शकतो. हिमोग्लोबिन ई आणि डी या प्रकारांचेही असेच जोड बनतात. "आमच्यात सिकल नाही, त्यांच्यात थॅलेसेमिया नाही" असे दोन्ही घरे खरे सांगत असतील, तरी प्रश्न सुटत नाही. दोघांचेही पूर्ण एचपीएलसी पाहावे लागते. दुसऱ्या टोकाला मामे-आते भावंडांतली लग्ने. घराण्यात एक वाहक असेल तर तेथे दोघेही वाहक निघण्याची शक्यता वाढते.

सायप्रस या छोट्या देशात थॅलेसेमियाचे वाहक इतके होते की प्रत्येक गावात रुग्ण मुले होती. १९८० च्या दशकात तिथल्या चर्चने लग्नाआधी तपासणीचे प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. प्रमाणपत्रावर फक्त 'तपासणी झाली' एवढेच असे, निकाल नसे. निकाल त्या दोघांपाशी. दोघे वाहक निघालेल्या बहुतेक जोडप्यांनी लग्न केलेच, पण गरोदरपणात वेळेवर तपासण्या केल्या, आणि मेजरच्या मुलांचा जन्म जवळजवळ थांबला. मला ही रीत आपल्यासाठीही योग्य वाटते. रकाना 'तपासणी केली आहे का' इतकाच असावा. निकाल मेळाव्याच्या पुस्तिकेत छापणे मला पटत नाही. वाहक मुलीलाच नकार येतो, मुलाचे कोणी विचारत नाही, हे आपण सर्व जाणतो.

खरे तर यासाठी लग्नापर्यंत थांबायलाच नको. दहावी-बारावीच्या सुट्टीत एकदा एचपीएलसी केली की ती जन्माला पुरते. हिमोग्लोबिन वाढते-घटते, पण वाहकपण बदलत नाही.

दिवस गेल्यावर

तपासणी आधी झाली नसेल तर ममता कार्ड काढण्याच्या पहिल्याच भेटीत सांगा. ती वाहक निघाली तर त्याच आठवड्यात पतीची करा. "मला काय झालंय" म्हणून पुरुष टाळतात आणि दिवस जातात. दोघेही वाहक असतील तर दोघांच्या जनुकांची तपासणी आधी होते, मग ११-१२ व्या आठवड्याच्या सुमारास वारेचा नमुना किंवा १६ व्या आठवड्यानंतर गर्भजल घेऊन बाळाला आजार आहे का हे सांगता येते. मुंबईत परळला केईएमच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत, आयसीएमआरच्या एनआयआयएचमध्ये, हे काम वर्षानुवर्षे चालते. पुढे काय करायचे तो निर्णय त्या दोघांचा, समुपदेशक आणि डॉक्टरांशी बोलून. घरच्यांनी दोष कोणाचा हे शोधण्यात वेळ घालवू नये. मेजर किंवा सिकलसेलचा आजार झालेल्या मुलाला जनुक दोघांकडूनही आलेले असते.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. सातव्या महिन्यात मुलगी इथून धुळ्याला किंवा जळगावला जाते आणि इथली फाईल इथेच कपाटात राहते. तिकडचे डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, आणि एचपीएलसी बहुधा राहूनच जाते. म्हणून निघताना ममता कार्ड, दोघांचे एचपीएलसीचे कागद आणि आधीच्या मुलाचा रिपोर्ट बॅगेत ठेवा, त्यांचे फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये घ्या. आई किंवा वडील सिकलसेलचे वाहक असतील तर बाळाची तपासणी जन्मानंतर लगेच एचपीएलसीने होऊ शकते, तसे प्रसूतिगृहात आधीच सांगून ठेवा. थॅलेसेमियाच्या वाहकपणासाठी मात्र बाळाचा पहिला वाढदिवस होऊन जाऊ द्या. त्याआधीचा ए-२ चा आकडा भरवशाचा नसतो.